पायलच्या नावाचा स्वेटर

१

लॉकडाऊनमध्ये सगळ्या जगानं केक केले, तसे मीही केले. हात रिकामे राहिले की विणायला बसायचे. त्यात नवल काहीच नव्हतं. नवल असलंच तर एवढं, की मे महिन्याच्या उकाड्यात, माधवनगरच्या दोन खोल्यांत, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत मी मांडीवर लोकर घेऊन बसायचे.

खरं तर मी तेव्हा फलटणला, माहेरी असायला हवी होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं ठरलेलं. पण जिल्ह्याची हद्द बंद झाली आणि आई फोनवर रडण्यापलीकडं काही करू शकली नाही. माझे यजमान, जयराज, फौजेत. ते पठाणकोटला अडकले आणि त्यांची सुट्टी रद्द झाली. सासूबाई, बनुबाई, पलूसहून चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. त्या माझ्याजवळ अडकल्या. उसाच्या रानात दिवस काढलेली बाई दोन खोल्यांत काय करणार? घरातले तांदूळ त्यांनी इतक्यांदा निवडले, की खडेसुद्धा ओळखीचे झाले असतील.

विणायला मी पठाणकोटच्या क्वार्टरमध्ये शिकले. तिथं थंडीत सगळ्या बायका उन्हाला बसून विणतात. उरलेली गाजरी रंगाची लोकर ट्रंकेत सापडली, तेव्हा मला फार आनंद झाला. मी सुया काढल्या आणि पोटावर हात ठेवून मनात माप धरलं. ते आत्याबाईंनी पाहिलं. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात.

“बाळासाठी व्हय?” त्यांनी विचारलं. “जन्माला न्हाई आलं त्येच्यासाठी नवं कापड करू न्हाई, पोरी.”

हे मला ठाऊक होतं. बाळ हातात येईपर्यंत आमच्याकडं झबलंसुद्धा विकत आणत नाहीत; पहिले कपडे कुणाच्या तरी लेकराचे जुने घालतात. माझा बी.एस्सी.चा अभिमान मोठा होता, पण दोन खोल्यांत सासूशी वाद घालण्याइतका मोठा नव्हता. मी म्हणाले, बाळासाठी नाही, मैत्रिणीच्या मुलीसाठी करतेय. नाव काय तिचं, त्यांनी विचारलं. तोंडाला आलं ते सांगितलं. पायल.

“मग तिचं नाव घिऊन टाकं घाल. म्हंजी कुनाचं हाय ते ठरतं.”

मी हसू दाबलं, पहिला टाका सुईवर घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, “हा पायलचा.” मनात म्हणाले, घालणार माझंच बाळ.

२

त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो वयाचा. मी चार वर्षं म्हणाले. मग एवढंसं कसं बसंल, असं म्हणून त्या टाके मोजायला बसल्या, आणि मला खरंच टाके वाढवावे लागले. असू दे, आपलं बाळही कधीतरी चार वर्षांचं होईलच, अशी मी समजूत काढली. त्या म्हणाल्या, आईला फोन लावून माप विचार. आता आली पंचाईत. मी म्हणाले, मैत्रीण वारली, आई नाहीये तिला. फलटणला मामाकडं असते.

आत्याबाईंचा चेहरा एकदम उतरला. “आगं आई गं,” म्हणाल्या आणि माझ्या मांडीवरचं विणकाम हातानं कुरवाळलं. मला जरा वाईट वाटलं. पण एकदा सांगितलेलं खोटं परत घ्यायचं म्हणजे पहिल्यापासून सगळंच उसवावं लागतं.

त्यानंतरचे दिवस, खरं सांगते, मला सुखाचे गेले. बाहेर काही धड नव्हतं. मिरजेच्या रस्त्यानं अॅम्ब्युलन्स जायच्या. मागच्या गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले होते, आणि तिथला एक माणूस दवाखान्यात गेला तो परत घरी आणलाच नाही. पण दुपारी मी कुकरची शिट्टी आणि रबर काढून ठेवायचे, तळाशी मीठ पसरायचे, वर डबा ठेवायचे. मैदा मिळत नव्हता, म्हणून कणीक आणि गूळ. त्या वासानं घर भरलं की जगात सगळं ठीक चाललंय असं वाटायचं. आत्याबाई आधी त्याला ‘तुमची कुकरातली भाकरी’ म्हणून चिडवायच्या. मग त्यांना आवडायला लागला.

एकदा त्यांनी एक वडी कापून स्टीलच्या वाटीत ठेवली, वर झाकण घातलं आणि वाटी कपाटाशेजारी ठेवली. ज्याच्या नावाचं काम हातात आहे, त्याचा वाटा काढायचा, ही त्यांच्या माहेरची रीत होती म्हणे. मग ते रोजचंच झालं, आणि संध्याकाळी वाटी रिकामी असायची. आत्याबाईंना गोड आवडतं आणि सुनेपुढं दुसऱ्यांदा मागायला संकोच वाटतो, हे मी ओळखून होते.

मीही पायलच्या गोष्टीत भर घालायला लागले. वेळ जात नव्हता. पायलचे केस विरळ आहेत, पायल हट्टी आहे, पायलला पुढचे दात किडल्यामुळं हसायची लाज वाटते. आत्याबाई मन लावून ऐकायच्या. आम्हा सासू-सुनांना इतक्या गप्पा मारायला पूर्वी कधी जमलं नव्हतं.

३

अंग विणून झालं. एक बाही पुरी करून शिवली, दुसरी सुईवर होती. एका दुपारी झोपून उठल्यावर मी काम हातात घेतलं आणि थांबले. पुऱ्या झालेल्या बाहीला कोपर आलं होतं.

जयराजच्या फौजी स्वेटरला एक हिवाळा गेला की कोपराशी फुगवटा येतो, कितीही झटकला तरी जात नाही. तसाच फुगवटा, लहान. वापरून वापरून लोकर तिथं सैल पडली होती. स्वेटर तर अजून अर्धा होता. दुसरी बाही सुयांसकट लोंबत होती.

मी शास्त्र शिकलेली बाई. लोकर जुनी आहे, ट्रंकेत दमट झाली असेल, स्वतःच्या वजनानं ताणली गेली असेल. किंवा आत्याबाईंनी मूठ घालून बघितलं असेल. मी तो भाग ओला करून टॉवेलवर सपाट वाळवला. फुगवटा गेला. मग मी स्वेटर सुयांसकट पिठाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. त्या डब्याचं झाकण इतकं घट्ट की उलथन्यानं उचकटावं लागायचं, आणि उचकटलं की सगळ्या घराला ऐकू जाईल असा आवाज व्हायचा.

तो आवाज मधे झाला नाही. त्या रात्री मी जागीच होते म्हणा ना. पण पुढच्या खेपेला मी झाकण काढलं तेव्हा कोपर परत आलं होतं. मी बाही उलटी केली. मनगटाच्या पट्टीत आत गुळाच्या केकचा चुरा अडकला होता, लहान मूल बाहीला तोंड पुसतं तसा. गळ्याशी खोबरेल तेलाचा वास होता. आत्याबाई एरंडेल लावतात आणि मी काहीच लावत नाही. खोबरेल आमच्या घरात नव्हतंच.

पोटात बाळानं लाथ मारली आणि मी घाबरून हात पोटावर ठेवला. तोपर्यंत मला कशाची भीती वाटत होती ते कळलं नव्हतं. तेव्हा कळलं.

४

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, हा स्वेटर तुम्ही घालून बघता का?

“मला बसंल व्हय त्यो?” त्या हसल्या. मग सहज म्हणाल्या, “डाव्या बाहीला जरा ढिलं ठेव. डावरी हाय ती.”

हे मी कधी सांगितलं नव्हतं. मी आठवून आठवून पाहिलं. केस, दात, हट्ट, सगळं माझं होतं. डावा हात माझा नव्हता. आणि पुरी केलेली, कोपर आलेली बाही डावी होती.

मग मी त्यांना खरं सांगून टाकलं. पायल कुणी नाही. मैत्रीण नाही, मामा नाही, फलटणमध्ये अशी कुणी मुलगी नाही. तुम्ही रागवाल म्हणून मी नाव घेतलं, स्वेटर माझ्या बाळाचाच आहे. बोलताना मला वाटलं, त्या चिडतील. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि आवाज अगदी बारीक केला.

“असं म्हनू नगंस. ऐकतीया ती.”

“कोण?”

“तू नाव घेतलंस. आई न्हाई म्हनलीस, ते बी तूच. आता ती न्हाईच म्हनून कसं चालंल?”

हे म्हणताना त्यांची नजर पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीकडं गेली. मीही बघितलं. तिथं गुंडाळलेली गादी होती, केरसुणी होती आणि झाकलेली वाटी होती. दुसरं काही नव्हतं. पण आत्याबाईंनी भिंतीवर किंवा छताकडं बघितलं नव्हतं. जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर बघितलं होतं आणि तिथं त्यांची नजर ठरली होती.

मी गच्चीत जाऊन जयराजना फोन लावला. ते सरळ माणूस. म्हणाले, आईचं वय झालंय, रान नाही, माणसं नाहीत, डोकं असं होणारच. इथं फौजेतल्या पोरांचंही होतंय. तू मनावर घेऊ नकोस, बाळाला जप. ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. आत्याबाईंना भास होताहेत, त्याच डबा उघडताहेत, त्याच केक खाताहेत. डब्याचा आवाज, तेल, यांचंही काहीतरी कारण असेल. स्वेटर नाहीसा केला की सगळं थांबेल.

५

दुपारी आत्याबाईंचा डोळा लागला तेव्हा मी उसवायला बसले.

उसवण्यातही एक सुख असतं. धागा ओढायचा, ओळीमागून ओळ सुटत जाते आणि चेंडू गोल होत जातो. मी आधी ती कोपराची बाही शिवणीतून काढली आणि वरून उसवत आले. मनगटाच्या पट्टीत पोचले आणि हात थांबले. पोट गप्प होतं.

जेवण झाल्यापासून बाळ सारखं हलत होतं. दुपारी त्याचा दंगाच असायचा. मी गार पाणी प्यायले. गुळाचा खडा खाल्ला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी डाव्या कुशीवर पडले आणि वाट बघितली. काही नाही. मी पोट दाबून बघितलं, हाका मारल्या. माझ्याच अंगात एक जड, गार वस्तू ठेवल्यासारखी वाटत होती. त्या दुपारी मला जशी भीती वाटली, तशी पुढं दवाखान्यातही वाटली नाही.

तेव्हा कपाटाकडून आवाज आला. रडण्याचा नव्हे. रडू आवरणारं मूल नाकानं तुटक तुटक श्वास घेतं, तो. उंदीर आहे, नळाची हवा आहे, आत्याबाई झोपेत घोरताहेत, असं मी एका दमात तिन्ही म्हणून घेतलं. आत्याबाई तर उठून बसल्या होत्या आणि माझ्याकडं बघत होत्या.

“टाकं उचल,” त्या म्हणाल्या. “आदी टाकं उचल, पोरी.”

मी उचलले. घाईत टाके गळत होते, मी ते परत उचलत होते. सुलटा, उलटा, सुलटा, उलटा. पट्टी संपली, बाही चढायला लागली. कपाटाकडचा श्वास हळूहळू लांब, सरळ होत गेला. बाही वीतभर झाली तेव्हा पोटात एक अगदी हलकी लाथ बसली.

मी सुया हातात धरून मोठ्यानं रडले. त्यानंतर मी स्वेटर पायलसाठीच विणला. डावी बाही ढिली ठेवली.

६

कळा वेळेआधी सुरू झाल्या. आत्याबाईंना बरोबर सोडलं नाही. दवाखान्यात पेशंटखेरीज कुणी नको, हा नियम. माझ्या पिशवीत जुन्या साडीचे तुकडे होते, कुणाचं तरी धुतलेलं झबलं होतं आणि स्वेटर होता. फक्त गळ्याची पट्टी राहिली होती. तो मी घरी ठेवायचं धाडस केलं नाही. कळांच्या मधल्या वेळात विणत राहिले. नर्स हसली, म्हणाली, काय हौस तरी. पोर व्हायच्या आधी गळा पुरा झाला, बटणंही लागली.

मुलगी झाली. लहानखुरी, पण रडली खणखणीत. पावसाळी गारठा होता आणि वॉर्डाच्या खिडक्या मुद्दाम उघड्या ठेवल्या होत्या. दुपारी नर्सनं तिच्या पायांना हात लावला. पाय गार आहेत ताई, लोकरीचं काही आणलंय का? मी नाही म्हणणार होते. पण पिशवीतून गाजरी बाही दिसत होती आणि नर्सनं स्वतःच ओढून बाळाला त्यात गुंडाळलं आणि खाटेशेजारच्या पाळण्यात ठेवलं. चार वर्षांच्या मुलीचा स्वेटर; माझी लेक त्यात हरवून गेली. नर्स पुढच्या खाटेकडं गेली.

मी म्हटलं, ऊब मिळू दे. थोडाच वेळ. आईचं मन काय काय समजूत घालतं! बाळ रडायचं थांबलं तेव्हा मला वाटलं, झोपलं. मग मी ओठ बघितले. निळसर झाले होते. बाळाचे दोन्ही हात छातीशी, स्वेटरच्या आत होते. मला ते गळ्यातून दिसत होते. आणि डावी बाही रिकामी, लांब पडलेली होती. ती कोपरात दुमडत होती.

“ताई,” दारातून नर्सचा आवाज आला. पांढऱ्या किटमध्ये तिचे फक्त डोळे दिसत होते. “मोठीला कुणी आत सोडलं? लहान मुलांना इथं बंदी आहे.”

मोठी कोण, मी विचारलं.

“आत्ता इथं पाळण्यापाशी होती की. स्वेटर माझा आहे म्हणाली. तू कुणाची गं, विचारलं, तर तुमच्याकडं बोट केलं.” तिनं खाटेखाली वाकून बघितलं, मग वॉचमनला शिव्या घालत बाहेर गेली.

मी स्वेटर ओढून काढला. लेकीला उघडीच छातीशी धरली, वरून पदर घेतला, स्वेटर पायथ्याशी टाकला आणि तोंड भिंतीकडं केलं. मागं लोकर सरकल्याचा आवाज झाला. मग बटणं लावण्याचा. सावकाश, एकेक, चुकलेलं परत काढून लावलेलं. ते ऐकत मी बाळाची पाठ चोळत होते आणि देवाचं एकही नाव मला आठवत नव्हतं. शेवटचं बटण लागलं आणि माझी लेक खोकली, लाल झाली, किंचाळली. मी वळून बघितलं नाही. पुष्कळ वेळानं नर्सनं चादर नीट केली, तेव्हा पायथ्याशी काही नव्हतं.

७

घरी सोडलं त्या दिवशी रिक्षात मी डावीकडं, बाहेर तोंड करून बसले. सीट मोठी होती. माझ्या उजव्या बाजूला जागा रिकामी होती आणि मी एकदाही तिकडं बघितलं नाही. आपण थकलोय, नर्सचा गैरसमज झाला, स्वेटर कुणीतरी उचलून नेला. दवाखान्यात चोऱ्या होतातच. हे सगळं मी रस्ताभर स्वतःला समजावलं आणि ते पुष्कळसं पटलंही होतं.

आत्याबाई दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. बाळंतीण दारात आली की तिच्यावरून आणि बाळावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, मगच आत घेतात. त्यांनी नातीचं तोंड बघितलं आणि त्यांचे डोळे भरले. मलाही भरून आलं. त्यांनी तुकडा आमच्यावरून ओवाळला, लांब फेकला, माझ्या पायांवर पाणी घातलं.

मग त्यांनी ताटातला दुसरा तुकडा उचलला. दुसरा तुकडा होता हे मला तोवर दिसलं नव्हतं. त्या जराशा वाकल्या आणि माझ्या उजवीकडं, कमरेच्या खाली, रिकाम्या जागेवरून तो सावकाश ओवाळला.

“आता हिला बी घी आत,” त्या म्हणाल्या. “पायरीवर ठिवू नगंस.”

मी त्यांना ढकलल्यासारखंच करून उंबरा ओलांडला. मला दार लावायचं होतं, कडी घालायची होती, लेकीला घेऊन आतल्या खोलीत जायचं होतं. दुसरं काही सुचत नव्हतं. मी दाराला हात घातला आणि छातीशी धरलेल्या लेकीचा श्वास थांबला. हळूहळू नाही, एकदम. तोंड उघडं राहिलं. तो जडपणा, तो गारपणा मला आता ओळखीचा होता.

बाहेर रिक्षा वळत होती. मी दार सोडलं, तोंड आतल्या भिंतीकडंच ठेवलं आणि उजवा हात मागं केला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मनगटाला लोकर घासली आणि लहान, कोमट, जरासा चिकट हात माझ्या हातात आला. डावा हात होता. लेकीनं श्वास घेतला आणि रडायला लागली.

“चल,” मी म्हणाले, आणि आम्ही तिघी आत गेलो.